ओएस हलकी मिळेल हो सर, जड आहे तो ब्राउझर

सर, तुम्ही दिलेली यादी आधी पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयाला बंगळूर-पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्याच पोरांनी पाच जुने कॉम्प्युटर पाठवलेत. दोन पेंटियम फोर (पी-फोर), प्रत्येकी ५१२ एमबी रॅमचे. दोन कोअर टू ड्युओ, २ जीबीचे. आणि एक छोटा नेटबुक, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरचा, १ जीबीचा. कुणावर एक्सपी, कुणावर विंडोज ७. तुमचं विचारणं असं, की यावर एखादी आजच्या काळातली हलकी, फुकटची ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखं मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) टाकून पोरांना वापरायला देता येतील का, मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग होईल का, की सरळ भंगारवाल्याला बोलवावं.

उत्तर आधीच देऊन टाकतो. भंगारात देऊ नका, पण पाचच्या पाच चालले पाहिजेत हा हट्टही सोडा. पाचातून चार करा. दोन कोअर टू ड्युओ आणि नेटबुक रोजच्या वापराला येतील. दोन पी-फोरमधून एकच धड मशीन उभं करा आणि दुसरं सुट्या भागांसाठी कपाटात ठेवा. बेळगावच्या शहापुरात वीस-बावीस वर्षं रिपेअरीच्या टेबलावर बसतोय. हेच पी-फोर नवे करकरीत असताना मी विकलेत, आता त्याच पेट्या उघडून आतली धूळ काढतोय. त्यांचा स्वभाव ठाऊक आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हलकी ओएस कुठली, असं सगळेच विचारतात. हलक्या ओएसला तोटा नाही. लिनक्स या फुकटच्या ओएसचं एक हलकं रूप, अँटिक्स घ्या: बूट होऊन डेस्कटॉप दिसला की माझ्या टेबलावर ते १५० ते २०० एमबी रॅममध्ये निवांत बसलेलं असतं. मग फायरफॉक्स उघडा आणि बातम्यांचं एखादं पान लावा, काटा ६०० च्या पुढे जातो. दुसऱ्या टॅबमध्ये यूट्यूब लावलं की एक जीबी गेलीच म्हणायची. ओएस बिचारी पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसते आणि ब्राउझर अख्खा सोपा अडवून पसरतो. २००४ सालचा पी-फोर २००४ सालच्या वेबसाठी बांधला होता. तेव्हाचं पान शंभरेक केबीत मावायचं. आजचं पान कित्येक एमबीचं, वर त्यात चालणारी जावास्क्रिप्ट. ती पेलायची ताकद कुठलीही ओएस बाहेरून आणून देत नाही.

शिवाय ३२ बिटवाल्यांचं, म्हणजे जुन्या घडणीच्या प्रोसेसरवाल्यांचं, दारच हळूहळू बंद होत चाललंय. गूगलनं ३२ बिट लिनक्सवरचा क्रोम २०१६ मध्येच थांबवला. फायरफॉक्सची ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती १४४. ज्यांना लगेच बदलता येत नाही त्यांच्यासाठी १४० ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती), आणि तिचे सुरक्षेचे अपडेट किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत देऊ, एवढंच मोझिलानं कबूल केलंय. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या रूपानंही १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं सोडलं. त्यामुळे तुमच्या यादीत मी आधी रॅम बघत नाही, ३२ बिट की ६४ बिट ते बघतो. कोअर टू ड्युओ दोन्ही ६४ बिट, त्यांना अजून बरीच वर्षं आहेत. एन२७० अ‍ॅटम ३२ बिटच. पी-फोरचं झाकण काढून बघा: प्रोसेसरलाच खाली पिना असतील तर तो ४७८ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बैठक), ३२ बिट समजून चाला. पिना बोर्डावर असतील तर ७७५ सॉकेट, त्यातले काही ६४ बिट निघतात. लाइव्ह लिनक्समध्ये (म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवलेल्या) प्रोसेसरची माहिती काढली की 'फ्लॅग्ज' नावाच्या लांबलचक यादीत 'एलएम' अशी दोन अक्षरं दिसतात का, तेवढं शोधायचं. दिसली तर ६४ बिट.

पण ओएसच्या आधी तब्येत. ही पायरी सगळे गाळतात आणि मग लिनक्सला शिव्या घालतात.

खानापूर-जांबोटीकडून आलेलं मशीन आणि निपाणी-चिकोडीकडून आलेलं मशीन मी झाकण उघडताच ओळखतो. निपाणीकडच्यात बारीक तपकिरी धूळ, आणि एखाद्याला तर तंबाखूचा वासही. तुमच्याकडच्यात धूळ कमी, पण चार महिन्यांच्या पावसाचा दमटपणा सगळीकडे मुरलेला. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात काळपटलेले, स्क्रूंना गंज, आणि एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत पालीची अंडी हमखास. रॅम काढून दातांवरून शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कोरड्या ब्रशनं चुरा झाडा, परत घट्ट बसवा. 'चालू होत नाही' म्हणून आलेली निम्मी मशिनं एवढ्यावर बीप देऊन उठतात. मग प्रोसेसरजवळचे कपॅसिटर, म्हणजे उभ्या छोट्या डब्या, बघा. वरचं झाकण सपाट पाहिजे. टम्म फुगलं असेल किंवा वर तपकिरी चीक सुकलेला असेल तर त्या बोर्डावर वेळ घालवू नका. त्या काळात, साधारण १९९९ ते २००७ दरम्यान, बाजारात आलेल्या कपॅसिटरमध्ये खराब माल बराच होता, आणि तुमचे दोन्ही पी-फोर बरोबर त्याच वर्षांतले आहेत.

पंख्याखालची पेस्ट खडूसारखी झालेली असेल, ती पुसून नवी लावा. आणि बोर्डावरचा सीआर २०३२ सेल न विचारता बदला. तीस-चाळीस रुपयांच्या या सेलनं काय होतं ते सांगतो. हिंडलग्याचा एक पोरगा गेल्या पावसाळ्यात पेटी घेऊन आला. त्यानं घरी एकामागून एक तीन ओएस टाकून बघितल्या होत्या. प्रत्येकात नेट जोडलं जायचं, पण साइट एकही उघडायची नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच यायचं. त्याचं म्हणणं, जुन्या मशीनला आताचं इंटरनेट चालतच नाही. मी खाली कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं: १ जानेवारी २००३. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. मशीन २००३ सालात बसलं असेल तर त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. सेल टाकला, तारीख लावली, सगळं उघडलं. पोरगा तीन दिवस जागला होता की हो.

साफसफाई झाली की मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालू ठेवून झोपा. सकाळी एकही लाल ओळ असेल तर ती रॅम कचऱ्यात. हार्ड डिस्कचं स्मार्ट, म्हणजे तिनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचून बघा, त्यात रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाद झालेले भाग) वाढताना दिसले तर तिच्यावर ओएस टाकण्यात अर्थ नाही.

आता पैसे घालायचेच तर कुठे? कोअर टू ड्युओत. दोन्हींना मिळून दोन स्वस्तातल्या साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरता भाग नसलेली चपळ डिस्क), आणि बोर्डावर जागा असेल तर ४ जीबीपर्यंत डीडीआर-टू रॅम. बोर्डावर इंटेलचा ९४५ चिपसेट असेल तर ४ जीबी टाकूनही साधारण ३ जीबीच्या आसपासच वापरात येईल, घाबरू नका, ती त्या चिपसेटचीच मर्यादा आहे. एसएसडीचा फरक एवढा पडतो, की लोकांना वाटतं मी प्रोसेसर बदलला. पी-फोरवर एक रुपया घालू नका. एकाची ५१२ ची पट्टी काढून दुसऱ्यात लावा, १ जीबी झाली. ज्याचा बोर्ड आणि एसएमपीएस बरा, तो ठेवा.

कोअर टू ड्युओसाठी माझी पसंती डेबियन १३, डेस्कटॉप एलएक्सक्यूटी. लुबंटूही चालेल, मिंटचा (ही दोन्ही लिनक्सचीच रूपं) एक्सएफसीई डेस्कटॉप ४ जीबी असेल तर चालेल. पण वाचनालयाला दर सहा महिन्यांनी कोण बघणार? डेबियन एकदा बसवलं की दीर्घ मुदतीच्या सपोर्टसकट २०३० च्या मध्यापर्यंत सुरक्षेचे अपडेट येत राहतात. सोबत झेडरॅम चालू करा. रॅम भरायला लागली की ते रॅममधलाच माल दाबून लहान करतं आणि डिस्कवर फेकायची वेळ पुढे ढकलतं. २ जीबीच्या मशीनवर याचा फायदा उघड दिसतो. यूट्यूबसाठी फायरफॉक्समध्ये एच-२६४ (व्हिडिओ बांधायची जुनी पद्धत) सक्तीनं मागणारं एखादं अ‍ॅडऑन टाका. नाहीतर यूट्यूब नव्या पद्धतीनं बांधलेला व्हिडिओ पाठवतं, तो या जुन्या मशिनांना नुसत्या प्रोसेसरच्या जिवावर सोडवावा लागतो आणि पंखा विमानासारखा ओरडतो. ४८० पी ठेवा. पोरांना धडा समजायला तेवढं पुरतं.

नेटबुकवर अँटिक्स २३, ३२ बिट. ते डेबियन १२ वर बेतलेलं आहे, आईसडब्ल्यूएम नावाचा अगदी साधा डेस्कटॉप येतो. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून आधी वायफाय, आवाज, टचपॅड सगळं बघून घ्या. युजर 'डेमो', पासवर्डही 'डेमो'. नेटबुकची रॅम २ जीबी करता येते, त्या पुढे नाही. त्याच्यावर दहा टॅब उघडायची अपेक्षा ठेवू नका. पुस्तकांची नोंदवही, देवघेवीचं रजिस्टर, टायपिंग, एखादं पीडीएफ, यासाठी मात्र तो सोन्यासारखा आहे, कारण वीज गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ चालतो. बॅटरी जिवंत असली तर.

पपी लिनक्सचं नाव तुम्ही घेतलंत. २००३ पासूनचं आहे, अख्खंच्या अख्खं रॅममध्ये चढून चालतं, म्हणून जुन्या डिस्कवरही चपळ वाटतं. त्यात सगळं रूट म्हणूनच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावानं, चालतं, हे काहींना खटकतं. वाचनालयात मात्र त्याची एक गंमत उपयोगी पडते: बंद करताना सेव्ह फाइल बनवूच नका. पोरांनी दिवसभर काय गोंधळ घालायचा तो घालू दे, दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की मशीन पुन्हा सोवळ्यात. टायनी कोअर या चिमुकल्या लिनक्सचं ग्राफिकल रूप तर २३ एमबीचं, पण मराठी-कन्नडसकट वापरण्यालायक करेपर्यंत तुमचा रविवार जाईल. कोलिब्री नावाची ओएस अख्खी फ्लॉपीवर मावते, असेंब्लीत लिहिलेली आहे. हैकू ही ओएस बीओएस या जुन्या ओएसची आठवण जागवते. रविवारी दुपारी जेवून बसल्यावर हे सगळं करून बघायला मला आवडतं, पण गावच्या वाचनालयात यातलं काही ठेवू नका. तुम्ही नसताना बिघडलं तर सांगायला कोण येणार?

एक मात्र करू नका. बाजारात कुणीतरी कापून-छाटून हलकं केलेल्या विंडोजच्या डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह फिरतात. ते सुसाट चालतं, मान्य. काय कापलंय आणि काय घातलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. जिथे गावातले लोक आधार नंबर टाकून अर्ज भरणार, बँकेचा ओटीपी टाकणार, तिथे असलं काही ठेवणं बरं नव्हे. तेच एक्सपीचं. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. नेट काढून ठेवलं तर खुशाल ठेवा.

आता टायपिंग, म्हणजे आपल्या भागातला खरा प्रश्न. पोरं शाळेत मराठी माध्यमात शिकतात, कन्नडचा पेपर द्यायचा असतो, आणि उताऱ्यापासून उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत सरकारी अर्ज कन्नडात. एकाच मशीनवर दोन्ही लिप्या आणि वर इंग्रजी, असं तिहेरी काम. लिनक्समध्ये यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये भारताची यादी उघडायची, त्यातलं देवनागरी आणि कन्नड निवडायचं, ऑल्ट-शिफ्टनं बदल होईल असं ठेवायचं. फॉन्टसाठी लोहित किंवा नोटो, दोन्ही लिप्यांचे टाका. लिबरऑफिसचे मेन्यूसुद्धा मराठीत किंवा कन्नडात करता येतात, शब्दलेखन तपासणीही दोन्हींची आहे. मराठीची तपासणी थोडी भोळी आहे, जोडून आलेल्या प्रत्ययांना लाल रेघ मारत सुटते.

कुठला लेआउट, म्हणजे कळांची मांडणी, शिकवायचा? मी इन्स्क्रिप्ट म्हणतो, आणि त्याचं कारण सीमाभागातल्या माणसालाच पटेल. इन्स्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची आखणी एकच आहे. इंग्रजी के च्या कळीवर मराठी क. ऑल्ट-शिफ्ट दाबा, तीच कळ दाबा, कन्नड क. एन वर ल, शिफ्ट धरून एन वर ळ, दोन्ही भाषांत. आपल्या दोन्ही भाषांना ळ लागतो, हे हिंदीवाल्यांना सांगून कळत नाही. डी वर हलन्त, त्यानं जोडाक्षर. म्हणजे पोरगं मराठी टायपिंग शिकलं की बोटांना कन्नड फुकटात आलं. मागच्या वर्षी येळ्ळूरच्या एका सहावीतल्या मुलीला मी हे दाखवलं. तिनं 'कमळ' टाइप केलं, भाषा बदलली, न बघता त्याच तीन कळा दाबल्या, स्क्रीनवर कन्नडात 'कमळ' उमटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जादूचा प्रयोगच केलाय. मग अर्धा तास उठेचना, घरातल्या सगळ्यांची नावं दोन-दोन लिप्यांत लिहून झाली.

ज्यांची बोटं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसलीत, तलाठी ऑफिसच्या आसपास अर्ज भरून देणारी मंडळी वगैरे, त्यांच्यासाठी कगप लेआउट आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, आणि मूळ आखणी के. पी. राव यांची. लिनक्सच्या त्याच यादीत कन्नड कगप तर आहेच, शिवाय मराठी कगपही आहे. कन्नडसाठी जन्मलेल्या कीबोर्डावर मराठी लिहायची सोय, आपल्याकडे एवढ्यावर दोन्ही बाजूंचे लोक हसतात. पण जे बसले ते बसले, त्यांना इन्स्क्रिप्ट शिका म्हणून मागे लागू नका.

फॉर्मॅट मारायच्या आधी मात्र थांबा. त्या जुन्या डिस्कांवर कुणाच्या तरी लग्नपत्रिका, वाचनालयाचे अहवाल, मंडळाच्या पावत्या श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतील. त्या युनिकोड (कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दाखवणारी सामाईक पद्धत) नसतात. फॉन्ट गेला की अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि लोक म्हणतात फाइल करप्ट झाली. फाइलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही उचलून पेनड्राइव्हवर घ्या. लिनक्समध्ये होम फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाचं, पुढे टिंब दिलेलं लपलेलं फोल्डर करून त्यात टाकले की जुनं मॅटर दिसतं आणि छापताही येतं. त्यात नवं लिहायचं असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि ते विंडोज शिल्लक आहे तोवर करा. मी स्वतः एकदा ही चूक केलीय. एका देवस्थानची वीस वर्षांची देणगीदारांची यादी होती, फॉन्ट शोधत आठवडाभर गावभर फिरलो.

इन्स्टॉल करताना एक अडचण येणार: पी-फोरचा बायोस (मशीन उठवणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून उठणार नाही. सीडीवर प्लॉप बूट मॅनेजर जाळून त्यातून पेनड्राइव्हला हाक मारता येते, पण कासवगतीनं. मी सरळ पी-फोरची डिस्क काढतो, जुनी आयडीई पोर्ट (जुन्या डिस्कांची जोडणी) असलेल्या कोअर टू ड्युओला लावतो, तिथे ३२ बिट अँटिक्स बसवतो आणि डिस्क परत पी-फोरला. विंडोजमध्ये असं केलं की बहुतेक निळा पडदा. लिनक्स प्रत्येक वेळी उठताना आपला संसार नव्यानं ओळखतं, त्याला नवं घर चालतं. मात्र हे करताना कोअर टू ड्युओची स्वतःची डिस्क काढून ठेवा, म्हणजे बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) चुकीच्या डिस्कवर बसणार नाही.

पी-फोरला काय काम द्यायचं ते सांगण्याआधी उद्यमबागचा एक किस्सा, कारण जुन्या मशीनकडे बघायची माझी नजर तिथेच बदलली. एका वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवायला डॉस या विंडोजच्याही आधीच्या ओएसचं मशीन होतं. नऊ पिनी सीरियल केबल, ९६०० बॉडचा वेग, बस्स. त्याची हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि मालक घाबरला, कारण त्या सीएनसीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नव्हतं. मी डिस्कच्या जागी आयडीई अ‍ॅडॉप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं आणि त्यावर फ्रीडॉस, म्हणजे डॉसचंच फुकटचं रूप, टाकलं. नावाला जुनं वाटतं, पण फ्रीडॉसची १.४ आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आलीय, ती पाळली-पोसलेली ओएस आहे. ते मशीन लेथच्या आवाजात, तेलाच्या धुरात आजही बसलंय. त्याला ब्राउझर नाही, म्हणून ते म्हातारं झालेलंच नाही.

तसंच तुमच्या पी-फोरचं करा. त्याला बाहेरचं इंटरनेट देऊच नका. एका कोअर टू ड्युओवर किविक्स (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) बसवा आणि त्यात मराठी आणि कन्नड विकिपीडिया उतरवून ठेवा. शहरात येऊन चांगल्या नेटवर एकदा डाउनलोड करायचा, पेनड्राइव्हवर न्यायचा. किविक्सचा सर्व्हर चालू केला की साध्या लॅन केबलनं पी-फोर ती पानं त्या मशीनकडून मागून दाखवतो. ही पानं साधी असतात, जाहिराती नाहीत, मागे धावणारी स्क्रिप्ट फारशी नाही. १ जीबीच्या पी-फोरवर फायरफॉक्सला त्यांचं ओझं होत नाही. इथे डिलोसारखा अगदी हलका ब्राउझर वापरायचा मोह होईल, पण मी लावून बघितला तेव्हा त्यात देवनागरीची जोडाक्षरं तुटून पडत होती, 'विद्यार्थी' वाचवत नव्हतं. पावसाळ्यात तुमच्याकडे रेंज जाते तेव्हाही विकिपीडिया चालू राहील. सोबत चित्रं काढायला टक्स पेंट, शिकण्याच्या खेळांसाठी जीकॉम्प्री, टायपिंगचा सराव. लहान पोरांना एवढं पुरून उरतं.

एक हिशेब मात्र करा. पी-फोरचा, त्यातल्या त्यात नंतरच्या प्रेस्कॉट नावाच्या पिढीचा, नुसता प्रोसेसर शंभर वॅटच्या आसपास खातो. वर पोटाचा मॉनिटर लावला तर सगळं मिळून पावणेदोनशे धरा. रोज सहा तास म्हणजे एक युनिट, एका मशीनचं. म्हणून मी एकच ठेवा म्हणतो, आणि त्याला जुना का होईना एलसीडी लावा.

प्रिंटरचं लांबवत नाही. डॉट मॅट्रिक्स असेल तर डोळे झाकून घ्या, चालतो. लेझर आणण्याआधी त्याचं मॉडेल मला कळवा. काही छोटे लेझर प्रिंटर स्वतःचीच भाषा बोलतात आणि लिनक्सवर त्यांना बोलतं करायला फार वेळ जातो.

पुढेमागे कुणी देणगीदार भेटला, तर आणखी जुनी मशिनं मागू नका. एकच बऱ्यापैकी मशीन मागा, ऑफिसमधून निघालेला ८ जीबीचा आय-फाइव्ह. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि त्या मानानं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कंपन्यांतून अशी चांगली मशिनं निघतायत. त्या एकावर डेबियन टाकायचं आणि बाकीच्या मशिनांनी नेटवर्कवरून त्याच्यातच लॉगिन करायचं. काम होतं आय-फाइव्हवर, जुन्या मशीननं फक्त चित्र दाखवायचं. ब्राउझरचं ओझं मग त्या एकाच्या खांद्यावर. मधे साधा शंभर एमबीचा स्विच पुरतो. व्हिडिओ सोडून बाकी कामाला चौघं आरामात बसतात.

तर आधी झाकणं उघडा, कपॅसिटरचे फोटो मला पाठवा, आणि डिस्कांवरचा माल व फॉन्ट काढून घ्या. एसएसडी आणि रॅम मी बघून ठेवतो. बेळगावला येताना दोन्ही पी-फोर आणा, मॉनिटर नको. नेटबुकचा चार्जर मिळाला नाही म्हणालात ना, तर त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर १९ व्होल्ट लिहिलंय की १२ ते बघून कळवा. कंपनीप्रमाणे बदलतं, दोन्ही माझ्याकडे पडून आहेत. पण चुकून १२ च्या जागी १९ चा लावू नका.